ऑपरेटरच्या पुढे काय? सीएनसी शॉपमध्ये आपली वाढ आपल्या हातात घेण्याची पद्धत

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, शिरोली, गोव्यातलं वेर्णा. औद्योगिक वसाहत कुठलीही असो, सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञांवर चालणाऱ्या, मशीनवर उभ्या असलेल्या मुलांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चार वर्षं झाली, अजून बटणच दाबतोय." टर्नर किंवा मशिनिस्टचा आयटीआय झालेला असतो, काहींचा डिप्लोमाही असतो. हात चांगला असतो, हजेरी चांगली असते, ओटीला कधी नाही म्हटलेलं नसतं. तरीही सेटर, म्हणजे नव्या पार्टसाठी मशीन लावून देणारा, होतो तो दुसराच कुणीतरी.

हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे. माझं म्हणणं असं की शॉपवर वर्षं मोजून कुणी पुढे जात नाही. पुढचं काम ज्याच्यावर सोपवताना सुपरवायझरला धाकधूक वाटत नाही, तो पुढे जातो. हा भरवसा तयार करणं बरंचसं आपल्या हातात असतं, आणि आहे त्याच मशीनवर, आहे त्याच शिफ्टमध्ये ते करता येतं.

उत्साहाबद्दलही आधीच सांगतो. आठवडाभर थर्ड शिफ्ट केलेल्या माणसाला प्रेरणादायी व्हिडिओ दाखवून काही होत नाही. गेल्या महिन्यात जे येत नव्हतं ते आज येतंय, हे स्वतःच्या डोळ्यांना दिसलं की हुरूप आपोआप येतो. म्हणून खालची प्रत्येक पायरी अशी आहे की तिचा परिणाम तुम्हाला काही आठवड्यांत दिसावा.

आधी आपण कुठे आहोत ते बघा

वाहन उद्योगाला माल देणाऱ्या बहुतेक कंपन्यांत आयएटीएफ १६९४९ ही गुणवत्ता पद्धत असते. अशा शॉपमध्ये लाइनच्या फलकावर स्किल मॅट्रिक्स लावलेला दिसतो. डावीकडे नावं, वर कामं, आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेलं वर्तुळ. एक भाग भरलेला म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे स्वतंत्रपणे करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. कंपनीनुसार खुणा थोड्या बदलतात.

बरेच जण या फलकासमोरून रोज जातात आणि ऑडिटच्या दिवसापलीकडे त्याचा विचार करत नाहीत. तुम्ही मात्र तो आपला नकाशा माना. आपल्या नावासमोर कोणतं वर्तुळ अर्धं आहे आणि कोणतं रिकामं आहे ते वहीत उतरवा. मग सेटरच्या नावासमोरची ओळ बघा. दोन ओळींतला फरक म्हणजे तुमचा पुढच्या वर्षाचा अभ्यासक्रम. फलक नसेल तर लोडिंग, मोजमाप, ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती), इन्सर्ट (टूलचं कापणारं, बदलता येणारं टोक) बदलणं, जॉ (पीस धरणारे जबडे) बोअरिंग, वर्क ऑफसेट (पीसचा शून्य) घेणं, पहिल्या पीसची मंजुरी, प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती अशी यादी स्वतः करा आणि प्रामाणिकपणे खुणा करा. सगळं एकदम धरू नका. सगळ्यात जवळचं एकच रिकामं वर्तुळ निवडा.

आपलं मशीन आणि आपलं माप पक्कं करा

सेटिंग शिकायची घाई सगळ्यांनाच असते. पण ज्याच्या मापावर विश्वास नाही, त्याच्या हाती सेटिंग कुणी देत नाही. त्यामुळे खरी सुरुवात मायक्रोमीटरपासून होते.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास ३२ एच७ असा दिला आहे, यातला एच इंग्रजीतला लहान लिपीतला. याचा अर्थ वरची मर्यादा ३२.००० मिमी आणि खालची ३१.९७५ मिमी. तुमच्या हातात २५ मायक्रॉनची जागा आहे. साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन, म्हणून या व्यासासाठी व्हर्नियर उपयोगाचा नाही. इथे मायक्रॉन वाचणारा मायक्रोमीटर हवा, आणि शिफ्ट सुरू होताना त्याचा शून्य तपासलेला हवा.

आता पीसचं तापमान. मशीनमधून नुकताच निघालेला पीस कोमट असतो. साधं स्टील दर मीटरला, दर अंशाला साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढतं. हिशोब केला तर ३२ मिमीचा पीस २० अंशांनी जास्त गरम असेल तेव्हा व्यास सुमारे ७ मायक्रॉन मोठा दिसतो. २५ मायक्रॉनच्या जागेत ७ मायक्रॉन म्हणजे पावहून जास्त. गरम पीस मोजून ऑफसेट दिला की तो थंड झाल्यावर खाली जातो, आणि मग "मी तर बरोबर मोजलं होतं" असा वाद लाइन इन्स्पेक्टरशी होतो. पीस पुसा, थंड होऊ द्या, मग मोजा.

तिसरी गोष्ट इन्सर्टची झीज. बाहेरचा व्यास टर्न करताना इन्सर्ट झिजत जातो तसा व्यास हळूहळू वाढत जातो. बोअरमध्ये उलट, तो लहान होत जातो. प्रत्येक १० किंवा २० पीसमागे माप लिहून ठेवलं तर ३१.९८१, ३१.९८४, ३१.९८८ अशी चढती ओळ दिसू लागते. ही ओळ ज्याला दिसली तो ३२.००० ला धडकण्याआधीच वेअर ऑफसेटमध्ये उणे ०.००८ किंवा ०.०१० देतो आणि व्यास पुन्हा मध्याजवळ आणतो. बहुतेक लेथवर एक्सचा ऑफसेट व्यासात धरलेला असतो. आपल्या मशीनवर तसंच आहे ना, हे पहिल्यांदा सेटरला विचारून घ्या. पीस बाहेर गेल्यावर ऑफसेट देणारे खूप असतात. आधी देणारा एखादाच असतो, आणि सुपरवायझरला तो लगेच कळतो, कारण त्याच्या मशीनपाशी रिजेक्ट पीसचा लाल ट्रे रिकामा असतो.

तुमचा महिना मापात आणि ऑफसेटमध्ये गेला तरी तो वाया गेलेला नाही. माझ्या मते अख्ख्या प्रवासातला हाच सर्वांत मोलाचा महिना.

वही ठेवा

खिशात मावेल अशी साधी वही. रोज शिफ्ट संपताना पाच ओळी: कोणता पार्ट चालवला, काय अडलं, कारण काय निघालं, कुणी कसं सोडवलं, मला कोणता प्रश्न पडला. "व्यास टेपर येत होता, टेलस्टॉकचा दाब कमी होता, सेटर दादांनी वाढवला" एवढं पुरे.

या वहीचे तीन उपयोग आहेत. तीच अडचण पुन्हा आली की उत्तर हाताशी असतं. अप्रेझलला "मी खूप काम केलं" म्हणण्याऐवजी ठोस उदाहरणं देता येतात. आणि मन खचलेलं असतं त्या दिवशी सहा महिन्यांपूर्वीचं पान उघडलं की तेव्हाचे प्रश्न आता किती सोपे वाटतात ते दिसतं.

एक पथ्य कडक पाळा. कंपनीची ड्रॉइंग, प्रोग्रॅम, ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर यांतलं काही वहीत उतरवायचं नाही आणि मोबाइलवर फोटो काढायचा नाही. वहीत तुमचं शिकणं असावं, कंपनीची माहिती नसावी. पुढची नोकरी शोधताना जुन्या कंपनीचे प्रोग्रॅम दाखवणाऱ्या माणसाला शहाणा मालक घेत नाही, कारण उद्या तो त्याचेही दाखवेल हे त्याला कळतं.

प्रोग्रॅम वाचायला लागा

लिहायला नंतर शिका, आधी वाचायला शिका. सायकल चालू असताना स्क्रीनवर ओळी सरकत असतात, त्या वेळी कोणत्या ओळीला टूल काय करतंय ते बघा. जी०० म्हणजे रॅपिड (न कापता वेगानं सरकणं), जी०१ म्हणजे फीडनं (कापण्याच्या ठरलेल्या गतीनं) सरळ, जी०२ आणि जी०३ म्हणजे वळण, एम०३ ला स्पिंडल फिरतं, एम०८ ला कूलंट सुरू होतं. एवढं आठवड्याभरात बसतं.

त्यापुढे "का" विचारायला लागा. फॅनुक कंट्रोलच्या लेथवर बऱ्याचदा जी५० एस२५०० आणि मग जी९६ एस१८० अशा ओळी दिसतात. जी९६ सांगतं की कटिंग स्पीड मिनिटाला १८० मीटर कायम ठेव. ३२ मिमी व्यासाला त्यासाठी किती आरपीएम लागतील? १००० गुणिले १८०, भागिले ३.१४ गुणिले ३२, म्हणजे साधारण १७९०. आता फेसिंग (पीसचं तोंड सपाट करणं) करताना टूल मध्याकडे जातं, व्यास कमी होत जातो आणि तोच स्पीड राखायला आरपीएम वाढत जातात. मध्यावर तर ते मशीनच्या कमाल मर्यादेलाच जाऊन भिडतील. म्हणून जी५० नं २५०० वर लगाम घातलेला असतो. चकमध्ये (पीस धरून फिरवणाऱ्या भागात) मोठा किंवा एका बाजूला जड पीस असताना ही ओळ चुकून गेली तर काय होईल, याचा विचार करा. एका ओळीमागचं कारण असं समजलं की पुढच्या दहा ओळी सोप्या होतात.

फिनिशचंही तसंच. टूलच्या नोजचा रेडियस तोच ठेवून फीड निम्मा केला तर पृष्ठभागावरच्या रेषांची उंची, निदान गणितात, चौथ्या हिश्श्यावर येते. पण फीड निम्मा म्हणजे त्या कटचा वेळ दुप्पट. प्रोग्रॅमरनं दिलेला फीड हा या दोन्हींचा मेळ असतो. हे कळलेला ऑपरेटर फिनिश बिघडल्यावर थेट फीड कमी करत नाही, आधी इन्सर्ट बघतो.

सराव घरी करा. सीएनसीचे सिम्युलेटर मिळतात, आणि फ्यूजन या कॅड-कॅम सॉफ्टवेअरची वैयक्तिक वापराची मोफत आवृत्तीही आहे. लॅपटॉप नसेल तर वहीत आकृती काढून हातानं प्रोग्रॅम लिहा आणि सेटरला तपासायला द्या. चालू मशीनवर मात्र परवानगीशिवाय एक आकडाही बदलायचा नाही. एडिटची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्यासमोर, सिंगल ब्लॉक लावून (एका वेळी एकच ओळ चालवून), रॅपिड कमी करूनच पहिला प्रयत्न व्हायला हवा. टरेट (टूल धरणारं फिरतं डोकं) चकवर आदळला तर नुकसान मोठं असतं, आणि माणसाला इजा झाली तर ते भरून येत नाही.

सेटरच्या बाजूला उभं राहण्याची जागा मिळवा

सेटर शिकवत नाहीत, ही तक्रार सगळीकडे आहे. थोडी खरीही आहे. पण सेटअपच्या वेळी सेटरच्या डोक्यावर पीपीसीचा (उत्पादन नियोजन विभागाचा) फोन असतो, मशीन बंद असतं, आणि त्याच वेळी "दादा, हे काय करताय?" विचारलं तर तो वैतागणारच. त्याचा भार आधी हलका करा. पुढचा पार्ट कोणता लागणार आहे ते आधी विचारून ठेवा. मशीन चालू असतानाच त्या पार्टचे जॉ, टूल होल्डर, इन्सर्ट, गेज ट्रॉलीवर काढून, पुसून ठेवा. मशीन थांबल्यावर करायची कामं आणि चालू असताना उरकता येणारी कामं वेगळी काढणं हाच सेटअपचा वेळ कमी करण्याचा पाया आहे. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी ती पद्धत मांडली आणि आज ती जगभर वापरली जाते.

तुम्ही ट्रॉली तयार ठेवलीत की सेटर स्वतःहून म्हणेल, "ये, हा ऑफसेट तू घे, मी बघतो." प्रश्न चहाच्या वेळी विचारा, एका वेळी एकच विचारा, आणि त्याचं उत्तर पुढच्या सेटअपला वापरून दाखवा. शिकवलेलं वाया जात नाही असं दिसलं की शिकवणाऱ्याचा हात मोकळा होतो.

एक सुधारणा, आकड्यासकट

बहुतेक कंपन्यांत कायझेनचा, म्हणजे छोट्या सुधारणांचा, फॉर्म असतो. तो भरायचा म्हणून भरलेला असेल तर त्यात "मशीनजवळ डस्टबिन ठेवला" असं काहीतरी असतं. तुम्ही असा विषय घ्या ज्याचा आकडा काढता येतो.

समजा एका पार्टची सायकल लोडिंगसह ४ मिनिटांची आहे आणि त्यात चार टूल आहेत. प्रत्येक टूल बदलायला टरेट खूप लांब मागे जातो, हे तुम्ही स्टॉपवॉच लावून बघितलं. प्रोग्रॅमरशी बोलून, जॉ आणि सगळ्यात लांब टूल आदळणार नाही याची खात्री करून ती जागा जवळ आणली आणि टूलमागे ३ सेकंद वाचले. म्हणजे सायकलमागे १२ सेकंद, सायकल ३ मिनिटं ४८ सेकंदांवर. शिफ्टमध्ये प्रत्यक्ष चालण्याची ७ तास, म्हणजे ४२० मिनिटं धरली तर आधी १०५ पीस निघायचे, आता ११० निघतात. तीन शिफ्टमध्ये १५ पीस जास्त, नवं मशीन न घेता.

फॉर्मवर आधीची वेळ, नंतरची वेळ, मोजलेल्या सायकलींची संख्या आणि मंजुरी देणाऱ्याची सही असू द्या. मदत केलेल्या प्रत्येकाचं नाव लिहा. प्रोग्रॅमरचं नाव वगळून स्वतःचं पुढे केलं तर पुढच्या वेळी मदत मिळणार नाही. वर्षाला अशी दोन कामं झाली तरी मीटिंगमध्ये तुमचं नाव आकड्यासोबत घेतलं जाईल. कंपनी क्वालिटी सर्कलच्या स्पर्धांना टीम पाठवत असेल तर त्यात जरूर जा. चार लोकांसमोर उभं राहून आपलं काम सांगायची सवय पुढे फार कामी येते.

साहेबांशी बोला, पण अप्रेझलच्या दिवशी नाही

अप्रेझलच्या दिवशी निर्णय झालेला असतो. बोलायचं ते चार-सहा महिने आधी, शांत वेळ बघून. "सर, माझं काहीतरी बघा ना" या वाक्याला साहेबांकडे उत्तर नसतं. असं म्हणून बघा:

"सर, दहा मिनिटं हवी होती. गेले तीन महिने माझ्या मशीनचं रिजेक्शन कमी झालंय, ही नोंद. मला सेटिंग शिकायचंय. पुढच्या सेटअपला मी दादांबरोबर थांबू का? आणि सेटरसाठी माझा विचार व्हायला माझ्यात अजून काय कमी आहे, ते स्पष्ट सांगाल का?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. जे उत्तर मिळेल ते त्याच दिवशी वहीत लिहा, दोन महिन्यांनी "सर, तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी ही झाली" म्हणून पुन्हा जा. काही साहेब टाळतात. दोन-तीनदा प्रयत्न करूनही ठोस उत्तर येत नसेल तर तीही माहितीच आहे. या शॉपमध्ये जागा नाही असं समजून बाहेरची तयारी सुरू करा, पण कामाचा दर्जा खाली येऊ देऊ नका.

कागदाची पात्रता

हाताला काम येतं, पण कागद नाही म्हणून प्रोसेस इंजिनिअरच्या जागेवर अडलेले हुशार लोक प्रत्येक शॉपमध्ये आहेत. मार्ग आहेत. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला महाराष्ट्रात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमावाल्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. नोकरी करणाऱ्यांच्या सोयीच्या वेळेचे वर्ग तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईच्या परवानगीनं काही कॉलेजांत चालतात. आपल्या भागातल्या कॉलेजात प्रत्यक्ष जाऊन चौकशी करा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच काम करतंय.

लहान पण उपयोगी कोर्स हवा असेल तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम हे केंद्र सरकारच्या एमएसएमई मंत्रालयाखालचं आहे आणि तिथे सीएनसी, कॅड-कॅम, टूल डिझाइनचं प्रशिक्षण मिळतं. एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे मॅन्युफॅक्चरिंगचे कोर्स फुकट बघता येतात, पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. इंग्रजी अडतं हे खरं, पण विषय रोजच्या हातातला असल्यामुळे निम्मं आकृतीवरूनच समजतं.

हजारो रुपये मागणाऱ्या, "शंभर टक्के जॉब" सांगणाऱ्या खाजगी क्लासला पैसे भरण्याआधी दोन गोष्टी बघा: तिथे खरं मशीन आहे का, आणि त्यावर प्रत्येक विद्यार्थ्याला हात लावायला किती वेळ मिळतो.

थकव्याच्या दिवसांचं काय

थर्ड शिफ्टच्या आठवड्यात अभ्यासाचा बेत आखू नका. त्या आठवड्यात फक्त वहीच्या पाच ओळी. अभ्यास फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात, रोज ४० मिनिटं, ठरलेल्या वेळी. झोपेला कात्री लावून शिकणाऱ्याचा मशीनवरचा हात सुस्तावतो, आणि आपल्या कामात ते धोक्याचं आहे. शक्य असेल तर रूमवरचा एखादा सोबती धरा. दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारले की अभ्यास टिकतो.

नोकरी बदलताना

हजार-दीड हजारासाठी दर वर्षी कंपनी बदलणं आणि आठ वर्षं एकाच मशीनवर थांबणं, दोन्हीत नुकसान आहे. नवीन ठिकाणी नवं मशीन, नवा कंट्रोल, किंवा सेटिंगची जबाबदारी मिळते का, हे पगाराआधी विचारा. पगार हातात किती येणार ते विचारा, सीटीसीच्या आकड्यावर जाऊ नका. तुम्ही कंपनीच्या पेरोलवर असाल की ठेकेदाराच्या, हे नेमणूकपत्रातच बघा. कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-चार महिने राहिले असतील तर ग्रॅच्युइटीचा हिशोब करूनच राजीनामा द्या.

निघताना अनुभवपत्र घ्या, आणि त्यात "ऑपरेटर" एवढंच न लिहिता कोणत्या प्रकारचं मशीन, कोणता कंट्रोल, सेटिंग केलं का, हे लिहून देण्याची विनंती करा. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार स्लिपा जपा. पीएफ काढू नका, त्याच यूएएनखाली (पीएफच्या कायम क्रमांकाखाली) नव्या खात्यात वळवा. शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर जाऊन जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का ते बघा. भरली नसेल तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीनं ती तुम्हाला स्वतःला भरता येते.